हेडमास्तरचा सदरा

सारी-बेल, १४ मार्च

जिपार,

तुझी खुशाली विचारत नाही. तू ठणठणीत आहेस हे मला ठाऊक आहे. बिश्केकहून येणारा जो तो सांगतो की तुझा आवाज अजून दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येतो. माझाही येतो. एका आईच्या आपण, मी थोरली, तुझी एजे.

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. कुबात रोज मिनीबस घेऊन तिकडे येतो, तो तुझ्या हातात देईल. न वाचता फाडलंस तर तेही तो मला येऊन सांगणार आहे.

काल तुझा जावई माझ्याकडे आला होता. बाळाला घेऊन तो आणि सेझिम पंधरा दिवसांसाठी गावी आलेत, साबिराकानकडे. तुझ्या विहिणीनं म्हणे नातवाचं तोंड कुणाला धड बघूही दिलेलं नाही, सारखं झाकून ठेवते. मेदेर आला, टोपी काढून बसला, चहाचे तीन वाडगे प्याला आणि मग एकदाचं बोलला, "एजे, एक पिल्लू हवं होतं. बार्सबेकच्या चाळिसाव्या दिवसासाठी. आई म्हणते, नातवाचा पहिला सदरा बांधायचा तो अस्सल ताइगानच्याच गळ्यात. नंतर ते पिल्लू आम्ही शहरात नेऊ."

माझी ताइगान शिकारी कुत्री, आकतोश, व्यायली हे गावभर झालंय. पिल्लं अजून डोळे किलकिले करून बघताहेत, आणि गिऱ्हाइकं फाटकाशी उभी. मी मेदेरला तेच विचारलं जे सगळ्यांना विचारते.

"दिवसभर घरी कोण असतं?"

"सेझिम असते. बाळ असतं."

"म्हणजे बाळ पिल्लाला सांभाळणार?"

तो हसला. मी हसले नाही.

"धावायला कुठे नेशील?"

"खाली अंगण आहे ना, एजे. म्हणजे... गाड्या लावतात तिथं."

"नवव्या मजल्यावरून रोज खाली?"

"लिफ्ट आहे की!"

जिपार, लिफ्ट आहे! ज्याच्या पणज्यानं गुडघाभर बर्फात लांडग्याला दमवून पाडलं, त्याला तुझा जावई लिफ्टनं खाली आणून दोन मोटारींच्या मधे शी करायला लावणार. शेवटचा प्रश्न विचारला, "आणि नाहीच जमलं सांभाळायला, तर?" बिचारा निर्मळ मनानं म्हणाला, "मग इथं गावी आणून सोडू."

सोडू! या एका शब्दावर मी तासभर भाषण करू शकते, तुला माहीत आहे. नदीत कागदाची होडी सोडतात. हातातला पतंग सोडतात. जीव सोडायचा नसतो, परत द्यायचा असतो. जिथून आणला त्याच्या हाती. माझ्या दारातून गेलेलं प्रत्येक पिल्लू दोन महिने आईजवळ राहून जातं, घेणारा आधी त्याच्या आईला बघून जातो, आणि नाही जमलं तर कितीही वर्षांनी ते माझ्याच दारात परत येतं. ज्याला हे मंजूर नाही त्यानं मांजर पाळावं.

मी त्याला पिल्लू दिलं नाही. उलट सांगितलं, "शहरात कुत्रा हवाच असेल तर सासूनं बेवारशी कुत्र्यांसाठी काढलेल्या वाड्यातला एखादा म्हातारा, शांत, रस्त्यावरचा घे. त्याला नववा मजला स्वर्ग वाटेल." हो, मीच सांगितलं. या तोंडानं. लगेच हुरळून जाऊ नकोस.

कारण बाबांच्या पुण्यतिथीच्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तू उभी राहून म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "इकडे उकिरड्यावर कुत्री गोळ्या खाताहेत आणि माझी बहीण आणखी कुत्री जन्माला घालून विकतेय." मी तेव्हा दिलेलं उत्तर आजही देते. लोक ताइगानला हसत होते, मेंढरांना वाटेल तो भुंकणारा चालतो म्हणत होते, तेव्हा बाबांनी वरच्या कुरणात ही जात जिवंत ठेवली. ती मी माझ्या हातानं संपवू? उकिरड्यावरची कुत्री माझ्या दारातून गेलेली नाहीत. ती तळ्याकाठच्या पाहुणेघरांतून येतात. उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पोरांना खेळायला गोंडस पिल्लू आणायचं आणि पाहुणे गेले की दार लावून घ्यायचं. तू म्हणतेस, विकत घेऊ नका, उचलून आणा. मी म्हणते, विकत घ्या नाहीतर उचलून आणा, पण तो मरेपर्यंत त्याचे राहा. यात एक शब्दही मागे घ्यायला मी तयार नाही.

अजून एक बातमी. नौरुझ झाला की मोकाट कुत्र्यांना गोळ्या घालणार, अशी नोटीस लागली आहे. दरवर्षीचंच. यंदा शाळेच्या फाटकापाशी एक पिवळा, कान फाटलेला बसतो. उशिरा येणाऱ्या पोरांकडे असा बघतो की पोरांनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलंय. खऱ्या हेडमास्तरांना राग आला आहे. मला त्याचं काही नाही. फक्त कळवलं.

उल्कान

सारी-बेल, २४ मार्च

जिपार,

काल बार्सबेकचा चाळिसावा झाला. सेझिमनं फोनवर सांगितलं असेलच, पण तिनं अर्धंच पाहिलं, ती आत बाळाला पाजत होती. बाहेरचं माझ्याकडून ऐक. तू यायला हवी होतीस. गावात कुत्र्यांवर गोळी चालते तोवर वेशीत पाऊल टाकणार नाही म्हणालीस, ठीक आहे. तुझा नातू मात्र तुझ्या शपथेसाठी चाळिसाव्याचा चौपन्नावा करणार नव्हता.

मी पिल्लू देत नाही म्हटल्यावर साबिराकान हट्टाला पेटली. काराकोलच्या जनावरांच्या बाजारात गेली आणि कुणाच्या तरी पोत्यातून एक पिल्लू घेऊन आली. मी अंगणात शिरते तोच तिनं ते माझ्या नाकासमोर धरलं.

"बघ, उल्कान! तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही. अस्सल ताइगान आहे. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलंय."

"त्याची आई पाहिलीस?"

"कुणाची?"

"पिल्लाची."

"मला पिल्लू हवं होतं बाई, विहीण नको होती. एक आहे तेवढी पुरे."

बायका डोईच्या रुमालाआड तोंड लपवून हसल्या. बोलते चांगली, तुझी विहीण. मीही हसले असते, पण पिल्लाकडे बघून हसू आलं नाही. पोट जंतांनी टम्म, मागचे पाय थरथरताहेत, दात धड आलेले नाहीत. आईच्या अंगाखाली असायला हवं होतं ते.

"हे महिन्याचंही नाही," मी म्हटलं. "आणि मोठं झाल्यावर हे मेंढरांमागे भुंकणार, सशामागे धावणार नाही."

"तुझ्या दारातलं तेवढं अस्सल आणि बाकीच्यांचं सगळं गाढव!"

सदरा मात्र सुरेख केला होता. गावातल्या सर्वांत वयस्कर सुयुनबाय-बाइकेंच्या जुन्या कुडत्याच्या कापडाचा. म्हाताऱ्याचं वय लागावं नातवाला. त्यात पिठाचे तळलेले बोर्सोक आणि खाऊच्या गोळ्या भरल्या, तोंड बांधलं आणि तो गाठोड्यासारखा सदरा पिल्लाच्या गळ्यात अडकवला. गल्लीतली सगळी पोरं फाटकाशी ओळ धरून, मांड्या थोपटत उभी. साबिराकाननं पिल्लू खाली ठेवलं आणि ओरडली, "पळ!"

पिल्लू बसलं.

गाठोडं त्याच्यापेक्षा मोठं. नुसतं नाक बाहेर. पोरं ओरडताहेत, "पळ ना रे! पळ ना!" कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. पिल्लानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि बसल्या जागी मुतलं.

साबिराकानच्या घरातली सगळ्यांत थोरली, बुबुसारा-आजी, तिला दिसत नाही आता. ती जाजमावरून विचारते, "पळाला का गं?"

"नाही, आजी. बसलाय."

तुला वेगळं सांगायला नको. सदरा घेऊन कुत्रा पळतो, बाळाची पीडा घेऊन जातो, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि इथं पीडा दारातच बसकण मारून बसलेली. साबिराकानचा चेहरा पांढरा पडला. कितीही भांडू दे माझ्याशी, त्या क्षणी तिची कीव आली. "उल्कान," ती हळूच म्हणाली, "आकतोशला आण ना. एवढ्या वेळेपुरती." मी म्हटलं, "ती पाजतेय. सेझिमला बाहेर आणून पळवशील?"

मग कुंपणाच्या फटीतून हेडमास्तर आत आला.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गरम बोर्सोकचा वास लागला असणार. तो सरळ पिल्लापाशी गेला, एकदा हुंगलं, गाठोडं दातात धरलं, हिसका दिला आणि जिपार, तो जो सुटला! बाबांची जुनी कुत्री धावायची तशी नाही, थोडा लंगडत, थोडा तिरका, पण काय सुटला! पोरं किंचाळत मागे, पोरांच्या मागे आया, आयांच्या मागे मी. गल्ली, मशीद, पाट, पाटावरून उडी, सागिनच्या पाहुणेघराचं अंगण (तिथं सागिन पायजम्यात उभा राहून ओरडत होता, "माझा कुत्रा! अरे, हा माझाच कुत्रा!" दोन वर्षांपूर्वी त्यानंच हाकललेला), तिथून शाळेच्या मैदानात आणि शाळेच्या पायऱ्यांवर. आपल्या जागेवर येऊन हेडमास्तर थांबला. पोरांनी गराडा घातला. मला वाटलं, चावतो आता. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि बाजूला सरकला. पोरं गोळ्या वाटून घेत होती, तो जमिनीवर पडलेले बोर्सोक उचलत होता. गुरगुरणं नाही, काही नाही.

सगळे त्याला घेऊन परत आले. आजीनं विचारलं, "पळाला का?"

"पळाला आजी! गावभर पळाला!"

"मग बांधा त्याच्या गळ्यात नीट."

"आई, हा उकिरड्यावरचा," साबिराकान म्हणाली. "माझ्या नातवाचा सदरा आणि हा..."

"पीडा त्यानं नेली. तू नेली असतीस?"

साबिराकाननं बांधला. स्वतःच्या हातानं, घट्ट. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "याला रोज सकाळी हाडं कोण घालतं ते ठाऊक आहे मला. तुझ्याच फाटकामागून येतो." मी ऐकू न आल्यासारखं केलं. तूही तसंच कर.

बाजारातलं पिल्लू मी उचलून आणलं. आकतोशनं आधी दात दाखवले, मग चाटलं. तिच्या पोराबाळांत ते शेवटून पहिलं, पण पितंय.

उल्कान

सारी-बेल, २९ मार्च

जिपार,

हे पत्र मिळेल तेव्हा हातातलं काम ठेव. मला तुझी गरज आहे. हे वाक्य लिहायला मला किती जड गेलं ते तुलाच कळेल.

परवा तोलोगोन बंदूक घेऊन आला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली, मेलेली कुत्री टाकायला. शाळेपासून सुरुवात करायची त्याची जुनी सवय. मी वर्गात होते, खिडकीतून दिसलं. सरळ बाहेर पडले. वर्ग माझ्या मागे.

हेडमास्तर पायरीवर बसलेला. गळ्यात बार्सबेकचा सदरा, मळलेला, पण गाठ पक्की. तोलोगोननं बंदूक खांद्याला लावली, आणि खाली केली. पुन्हा लावली, पुन्हा खाली केली.

"एजे, हे काय याच्या गळ्यात?"

"दिसत नाही? साबिराकानच्या नातवाचा सदरा."

"काढा ना तो."

"तू काढ."

तो जागचा हलला नाही. "माझ्या घरी चार पोरं आहेत, एजे. बाळाच्या सदऱ्यावर गोळी? उद्या त्यांच्यापैकी कुणाला ताप आला तर बायको माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघेल का?" ट्रॅक्टर वळवून तो रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेला. मी पोरांकडे वळले आणि म्हटलं, आजचा इतिहासाचा तास संपला, घरी जाऊन आपापल्या आयांना सांगा काय पाहिलंत ते.

त्यांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत बायका माझ्या दारात. "उल्कान-एजे, आमच्या पोरीचा सदरा ठेवलाय मी. त्या काळ्याला बांधू का?" "आमच्या दारात ती तीन पायांची येते, तिला चालेल का?" चालेल म्हटलं! चालेल, धावेल, उडेल! त्या रात्री झोप लागली नाही मला. इतकी वर्षं मी भाषणं केली, आकडे सांगितले, कायदा सांगितला, आणि लोक जांभया देत राहिले. आणि हा लंगडा चोर एक गाठोडं पळवून गावाच्या काळजात शिरला!

पण एसेनकुल सरपंच आहे आणि तो मूर्ख नाही. आज ग्रामसभा भरवली. म्हणाला, "उल्कान-एजे, चांगली चलाखी आहे. जुनी फडकी बांधायची आणि हुकूम गुंडाळायचा. पण मला सांगा, सदरा बांधलेला कुत्रा रात्री कुठं झोपणार? उकिरड्यावरच ना? भुकेला राहणार ना? वासराला चावणार ना? मग फरक काय पडला? कुत्रा तोच, वर फडकं."

जिपार, हा मुद्दा खरा आहे. मला लागला. पण मी गप्प बसणारी आहे का? मी म्हटलं, "ही फडकी नाहीत. बाबांनी एकदा बंदूक उचलली होती. आमच्या कुत्र्यानं कोकरू मारलं होतं तेव्हा. आईनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, त्याच्या अंगावर जिपारचा सदरा चढलाय, त्याला माराल तर हिला माराल. बाबांनी बंदूक ठेवली. या गावात ही रीत होती. तुम्ही विसरलात."

सुयुनबाय-बाइके दाढी कुरवाळत म्हणाले, "मी तुझ्या बापाच्या वयाचा, मुली. माझ्या ऐकण्यात नाही आली ही रीत. तू म्हणतेस म्हणजे असेल. पण तू बोलणारी बाई. बोलणाऱ्याला आठवणीसुद्धा बोलायच्या सोयीनं होतात. आणखी कुणी ऐकलं होतं?"

"जिपारनं. सदरा तिचाच होता."

"मग ती कुठं आहे?"

मी काय सांगू? त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर साक्ष नाही आली तर सोमवारी तोलोगोन नाही तर दुसरा कुणी. तिकडे काराकोलात बंदुका आणि माणसं दोन्ही पुष्कळ आहेत.

तू सहा वर्षांची होतीस. मी आईच्या मागे होते, तू तिच्या कडेवर. आठवतं का? आठवत नसेल तर खोटं सांगू नकोस, माझ्यासाठीसुद्धा नको. खोट्यावर उभी केलेली रीत पहिल्या वाऱ्यात पडते, आणि पडताना त्या कुत्र्यांवरच पडते. पण आठवत असेल तर बोल. इथं येणार नाहीस, मान्य. कुबातच्या फोनमध्ये तुझ्या आवाजात बोलून पाठव. गावाला तुझा आवाज ओळखता येतो.

उल्कान

सारी-बेल, ७ एप्रिल

जिपार! माझे आई!

जिंकलो! आधी हे लिहिते, मग बाकीचं. जिंकलो!

काल सभेला खुर्च्या कमी पडल्या. बायका पोरं घेऊन, पोरं कुत्री घेऊन. बाहेर मैदानात दोऱ्यांनी बांधलेली, गळ्यात निळे-गुलाबी-फुलाफुलांचे सदरे घातलेली सगळी उकिरड्याची प्रजा. कुणाचा सदरा कानावर, कुणाचा शेपटीपाशी घसरलेला. सागिननंसुद्धा एक पांढरी कुत्री आणली, मुलीच्या सदऱ्यात. मी काही बोलले नाही. हसलेही नाही. थोडी हसले.

मग कुबातनं खिशातून फोन काढला, टेबलावर ठेवला आणि तुझा आवाज आला. सगळी सभा सरळ होऊन बसली. तू काय बोललीस ते तुला सांगायची गरज नाही, पण मला ते लिहून बघायचंय, कारण मला ते ठाऊक नव्हतं.

"मी जिपार. एजे सांगते ते खरं आहे. आईनं तसंच म्हटलं आणि बाबांनी बंदूक ठेवली. पण एजेनं अर्धंच ऐकलं. ती लगेच बाहेर पळाली सगळ्यांना सांगायला, तिची सवयच आहे ती. मी कडेवर होते. बाबांनी विचारलं, मग हा रोज कोकरं मारणार? आई म्हणाली, नाही मारणार, आजपासून याचं पोट जिपारचं. त्या दिवसापासून माझी अर्धी भाकरी तो कुत्रा खायचा. तो मेला तोवर. मी रडले, भुकेली झोपले, पण आईनं एकदाही सोडलं नाही. सदरा बांधणाऱ्यानं हे कबूल करावं, नाहीतर बांधू नये. सरपंचांनी विचारलेल्या प्रश्नाला माझं हेच उत्तर. सदरा म्हणजे पोट आणि छप्पर. आणि पुढच्या आठवड्यात मी डॉक्टर आणि गाडी पाठवते. मादी कुत्र्यांचं ऑपरेशन करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी सदरे कमी पडणार नाहीत."

हशा झाला, जिपार. आणि मग कुणीच हसत नव्हतं. मी बोलणारी बाई, मी रीतीचं शिंग तेवढं पकडलं होतं. आख्खं जनावर तुझ्याकडे होतं.

एसेनकुल उठला. म्हणाला, "ऐकलंत? आता ज्याला पोट आणि छप्पर मंजूर नाही, त्यानं आत्ताच सदरा सोडावा. लाज नाही त्यात." दोन बायका खरंच बाहेर गेल्या आणि गाठी सोडून आल्या. मला वाईट वाटलं, पण ते बरोबर होतं. मी माझ्या गिऱ्हाइकांना तेच विचारते ना? दोन्हींपैकी एका सदऱ्याच्या जागी शाळेतल्या शिपाईबाईंनी आपल्या नातवाचा बांधला. दुसऱ्या जागी कुणी नाही.

उरली ती तीन पायांची म्हातारी. केस गेलेले, डोळ्यांत पू. मैदानात एकटी सदऱ्याविना.

मी उठायला लागले, तर साबिराकाननं मला खाली ओढलं. "तुझ्या दारात आधीच पलटण आहे. उद्या तूच म्हणशील जमत नाही." खरं होतं. मी माझ्याच नियमात अडकले. ती स्वतः हेडमास्तरला घेऊन बसली होती, तिच्या पायावर त्याचं डोकं. तिनंही मान हलवली, दुसरा झेपणार नाही.

एसेनकुल खाली बघत म्हणाला, "हुकूम हुकूम आहे. बिनमालकाचं आहे ते. तोलोगोन, एवढं एक उरकून टाक, म्हणजे कागद पुरा होईल."

तोलोगोन मागे भिंतीला टेकून उभा होता. बंदूक घेऊन आला होता. तो बाहेर गेला. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. आवाज आला नाही. बराच वेळ नाही. मी खिडकीपाशी गेले. मैदानात तीन पायांची बसली होती, आणि तोलोगोन वळून चालत होता, घराच्या दिशेनं, बंदूक खांद्यावर उलटी टाकून. थोड्या वेळानं परत आला तेव्हा बंदूक नव्हती. हातात पिवळा, लहानसा सदरा होता. मागे बायको, बायकोच्या कडेवर धाकटी. त्यानं गुडघे टेकले. म्हातारी कुत्री घाबरून दबली, तिला त्याचा वास ठाऊक होता. त्यानं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग धाकटीच म्हणाली, "बाबा, मी बांधते." तिनं बांधला.

मी ओरडले, जिपार. मी टाळ्या वाजवल्या, मी खऱ्या हेडमास्तरांना मिठी मारली. एसेनकुलनं टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, "सारी-बेलमध्ये मोकाट कुत्रं उरलेलं नाही. हुकूम पुरा!" आणि सभेनं ठराव केला, सगळ्यांनी हात वर करून. यापुढे गावात कुत्रं आणणारा, विकत घेऊन आणो की उचलून आणो, शाळेच्या फाटकाशी चार माणसांसमोर सांगेल की ते कुठून आणलं, कुठं ठेवणार, आणि नाहीच जमलं तर कुणाकडे परत देणार. पाहुणेघरांनाही तेच. सागिननं हात वर करायला उशीर केला. साबिराकाननं त्याच्याकडे नुसतं बघितलं. केला.

संध्याकाळी तोलोगोन माझ्याकडे आला. "एजे, तुमच्या आकतोशचं एक पिल्लू द्याल? शिकारीला." मी त्याला माझे सगळे प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. शेवटचं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "नाही जमलं तर तुमच्याकडे आणून देईन. पण जमेल." मी म्हटलं, "दोन महिने झाले की ये. आधी आईला बघून जा." तो आकतोशपाशी कितीतरी वेळ उकिडवा बसला होता. बाजारातलं पिल्लू तिच्या पोटाशी होतं. त्याच्या पोटातले जंत गेलेत आणि ते आता आपल्या भावंडांवर भुंकतं. ताइगान नाहीच ते, मी म्हटलं होतं.

आता ऐक. तुझ्या आवाजानं सभा जिंकली हे मी कबूल करते. पण तू पुढे जे म्हणालीस फोनच्या शेवटी, सगळे उठायला लागल्यावर, ते मी ऐकलंय. "आणि आता तरी लोकांनी पिल्लं विकत घेणं बंद करावं." मुळीच नाही! हे मी मान्य करत नाही, करणार नाही. तोलोगोनला विचार, त्याच्या दारात आता दोन्ही असतील, आणि दोन्हींत त्याला फरक दिसतो का ते सांग मला.

मी गावात सांगून टाकलंय. वरच्या कुरणात तंबू पडायच्या आधीच्या रविवारी, शाळेच्या सभागृहात, तुझी माझी चर्चा. पिल्लू चांगल्या घरून पारखून घ्यावं की रस्त्यावरचं उचलावं. खुर्च्या एसेनकुल देणार आहे. साबिराकान तुझ्या बाजूनं बसणार म्हणते, हेडमास्तरला घेऊन. बुबुसारा-आजी निकाल देईल. गावात आता कुणावर गोळी चालत नाही, तेव्हा तुझ्याकडे न यायला कारण उरलेलं नाही.

तयारी करून ये. मी तुला सवलत देणार नाही.

तुझी एजे,
उल्कान